नवजात बाळ ॲडमिट आहे, तपासण्या चालू आहेत: त्या घराला आधार कसा द्यायचा

माझ्या धाकट्या बहिणीचं बाळ जन्माच्या दुसऱ्याच दिवशी एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात गेलं. श्वास भराभर चालत होता, दूध ओढत नव्हतं, डॉक्टर म्हणाले इन्फेक्शन असू शकतं, तपासण्या करू आणि मग बघू. त्या "मग बघू"मध्ये पुढचे अकरा दिवस गेले. मी मोठी बहीण, म्हणजे सगळ्यात जवळची, तरी पहिले दोन दिवस मला काय करावं तेच कळत नव्हतं, आणि जे केलं त्यातलं बरंचसं तिला त्रास देणारंच होतं हे नंतर तिनेच सांगितलं. म्हणून हे सविस्तर लिहितेय, तुमच्या बहिणीचं, मित्राचं, ऑफिसातल्या कुणाचं बाळ असं ॲडमिट असेल तर नेमकं काय करता येतं ते.

१. पहिला मेसेज टाकताना

फोन करू नका, मेसेज टाका. आणि त्यात प्रश्न नको. "काय झालं? डॉक्टर काय म्हणाले? रिपोर्ट आला का?" हे प्रश्न आपण काळजीपोटीच विचारतो पण तिकडे त्याच दिवशी वीस जणांनी तेच विचारलेलं असतं आणि आईबाबांकडे उत्तर नसतं, त्यामुळे प्रत्येक वेळी "अजून काही कळलं नाही" म्हणताना त्यांचा जीव पुन्हा खालीवर होतो. मी आता असं लिहिते: "बाळाचं कळलं. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. संध्याकाळी सातला जेवण घेऊन खाली येतेय, पोचले की मेसेज करते, कुणालाही खाली पाठव."

"काही लागलं तर सांग" हे वाक्य खरंच टाळा. ज्याला दोन रात्री झोप नाही तो माणूस काय लागेल याचा विचार करून, कुणाला सांगावं हे ठरवून, वर संकोच बाजूला ठेवून तुम्हाला फोन करणार नाही. त्यापेक्षा "उद्या सकाळी मोठ्याला शाळेत मी सोडते, चालेल ना?" असं विचारा, हो किंवा नाही एवढंच बोलावं लागतं.

अजून एक, अभिनंदन करा. काळजीच्या भरात सगळे विसरतात. बाळ जन्माला आलंय, ते कुणासारखं दिसतं, केस किती आहेत, हे माझ्या बहिणीला पाच दिवस कुणीच विचारलं नव्हतं आणि सहाव्या दिवशी एका मैत्रिणीने विचारल्यावर ती पहिल्यांदा हसली.

काय बोलू नये? "आमच्या ओळखीत एकाच्या बाळाला असंच झालं होतं" हे नको, शेवट चांगला असला तरी नको. आणि "गरोदरपणात जास्त धावपळ केलीस का" हे तर चुकूनही नको. ती आई रात्रभर तेच शोधत असते की माझं कुठे चुकलं.

२. निरोप द्यायला एकच माणूस ठेवा

सगळ्यात जास्त उपयोग याचा झाला. आईबाबांना विचारून एक जण ठरवायचा, मावशी, काका, मित्र कोणीही, आणि बाकीच्या सगळ्यांना सांगायचं की बाळाबद्दल काही विचारायचं असेल तर यांना विचारा. आमच्याकडे ते काम मी घेतलं. रोज रात्री आठ वाजता ग्रुपवर एक मेसेज, दोन-तीन ओळींचा. काय सांगायचं आणि काय नाही हे आधी बहिणीला नाहीतर भाओजींना विचारून घ्यायचे, कारण रिपोर्टमधला एखादा शब्द बाहेर गेला की त्यावर दहा जण दहा सल्ले पाठवतात. नळ्या लावलेल्या बाळाचा फोटो त्यांच्या परवानगीशिवाय कुणालाही पाठवू नका, अगदी आजीआजोबांनाही.

३. तपासण्यांबद्दल थोडं समजून घ्या

डॉक्टर व्हायला नको, पण नाव ऐकून आपणच घाबरलो तर आधार कसा देणार, म्हणून साधारण काय काय असतं ते लिहिते.

इन्फेक्शनची शंका असली की रक्ताचा सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी), सीआरपी आणि ब्लड कल्चर करतात. सीआरपी म्हणजे शरीरात सूज किंवा इन्फेक्शन असल्यावर वाढणारं एक प्रोटीन, पण ते वाढायला काही तास लागतात, शिवाय इन्फेक्शन नसतानाही वाढू शकतं, म्हणून एका आकड्यावरून डॉक्टर ठरवत नाहीत, परत करतात. हे माहीत नसलं की "काल केलेली टेस्ट आज परत का, काही लपवतायत का" असं वाटायला लागतं. कल्चरमध्ये रक्तात जंतू असतील तर ते वाढू द्यायचे असतात, त्याला वेळ लागतोच, पहिला अंदाज साधारण 36 ते 48 तासांनी येतो. तोपर्यंत थांबणं धोक्याचं असतं म्हणून अँटिबायोटिक आधीच चालू करतात. औषध चालू केलं म्हणजे आजार पक्का झाला असं नसतं, हे मला नर्सने समजावून सांगितलं तेव्हा कुठे मी बहिणीला नीट सांगू शकले.

पाठीतलं पाणी काढणार म्हटल्यावर घरातले सगळे हादरतात. लंबर पंक्चर, मेंदूच्या आवरणात इन्फेक्शन गेलंय का हे बघायला करतात. सुई कमरेच्या खालच्या भागात घालतात, मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्याही खाली. डोक्याची सोनोग्राफी टाळूवरून करतात, तिथे हाड जुळलेलं नसतं म्हणून आतलं दिसतं, सुई नाही, रेडिएशन नाही. टूडी इको ही हृदयाची सोनोग्राफी, तीही दुखत नाही. टाचेला टोचून थेंबभर रक्त घेतात ते साखर, बिलिरुबिन (काविळीत वाढणारं रक्तातलं पिवळं द्रव्य) किंवा जन्मजात आजारांच्या स्क्रीनिंगसाठी. स्क्रीनिंगमध्ये काही वेगळं आलं की परत सॅम्पल मागतात, बऱ्याचदा दुसरं नॉर्मल येतं, पण ते द्यायला मात्र उशीर करायचा नाही, थायरॉइडसारख्या गोष्टीत उपचार लवकर चालू होणं महत्त्वाचं असतं.

कावीळ तर पूर्ण दिवसांच्या साधारण 60 टक्के बाळांना पहिल्या आठवड्यात थोडीफार होते, कमी दिवसांच्या बाळांना त्याहून जास्त. निळ्या लाइटखाली ठेवतात त्याची गोष्ट मला फार आवडते. 1950 च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉचफर्ड हॉस्पिटलमध्ये सिस्टर वॉर्ड नावाच्या नर्सबाई बाळांना उन्हात बाहेर नेत असत आणि त्यांच्या लक्षात आलं की ऊन लागलेल्या जागेचा पिवळेपणा कमी होतो, पुढे तिथल्याच डॉक्टरांनी 1958 मध्ये दिव्यांचा उपचार लिहून प्रसिद्ध केला. नर्सने बघितलेल्या एका गोष्टीमुळे आज जगभर बाळं वाचतात. फक्त याचा अर्थ "लाइट कशाला, घरी उन्हात धरा" असा घेऊ नका. काचेतून येणाऱ्या उन्हाने वाढलेलं बिलिरुबिन भरवशाने उतरत नाही आणि ते फार वाढलं तर मेंदूला इजा होऊ शकते.

आणि मॉनिटर. नवजात बाळाचे ठोके साधारण मिनिटाला 120 ते 160 असतात, श्वास 40 ते 60, म्हणजे मोठ्या माणसांचे आकडे डोक्यात ठेवून बघितलं तर सगळंच भयंकर वाटतं. अलार्म सारखा वाजतो, कित्येकदा बाळाने पाय हलवला आणि सेन्सर सरकला एवढंच असतं. मी भाओजींच्या शेजारी उभी होते, अलार्म वाजला, त्यांचे हात थरथरायला लागले, नर्स आली, तिने आधी बाळाकडे बघितलं, रंग बघितला, छाती हलतेय ते बघितलं, मग पायाची पट्टी नीट केली. स्क्रीनकडे तिने सगळ्यात शेवटी बघितलं. तेव्हापासून भाओजीही तसंच करायला लागले.

४. एक वही घ्या

साधी छोटी वही आणि त्याला दोरीने बांधलेलं पेन. उजव्या पानावर प्रश्न, डाव्या पानावर डॉक्टरांनी जे सांगितलं ते, तारखेसकट. राउंडच्या वेळी आईबाबा ऐकत असतात पण डोक्यात काही राहत नाही, बाहेर आल्यावर दोघांना दोन वेगवेगळ्या गोष्टी आठवतात आणि त्यावरून वाद होतात. चालत असेल तर एकाने सोबत उभं राहून लिहून घ्यावं. प्रश्न असे: ही टेस्ट कशासाठी? रिपोर्ट कधी येईल आणि कोण सांगेल? आज कालच्यापेक्षा काय वेगळं आहे? बाळाला आम्ही हात कधी लावू शकतो? शब्द कळला नाही तर "परत सांगता का, सोप्या भाषेत" म्हणायला लाजू नका. आमच्याकडे एकदा रिपोर्ट दुपारीच आला होता आणि आम्हाला रात्री उशिरापर्यंत कुणी सांगितलंच नाही, तेव्हापासून आम्ही "कोण सांगेल" हा प्रश्न आधीच विचारायला लागलो.

५. आईकडे लक्ष द्या, ती पण पेशंट आहे

सगळ्यांची नजर बाळावर, आणि जिची डिलिव्हरी होऊन दोन दिवस झालेत, टाके आहेत, ती बाई काचेबाहेर तासन्‌तास उभी. खुर्ची शोधून द्या. पाण्याची बाटली भरून हातात द्या. तिच्या गोळ्यांच्या वेळा तुमच्या फोनमध्ये अलार्म लावून ठेवा.

बाळ ओढत नसेल तरी दूध काढत राहावं लागतं, 24 तासांत साधारण आठ वेळा, रात्रीसुद्धा, तरच ते टिकतं. सुरुवातीला चमचाभरसुद्धा येत नाही. माझी बहीण पहाटे तीन वाजता पंप घेऊन बसली होती आणि बाटलीच्या तळाला पिवळसर दूध, पाच मिलीसुद्धा नसेल, ते तिने दोन्ही हातात धरलं होतं. तेवढंही बाळासाठी मोलाचं असतं. "एवढंच?" हा शब्द तोंडातून काढू नका. पंपाचे भाग धुणं, बाटलीवर नाव-तारीख-वेळ लिहिणं, वॉर्डात नेऊन देणं, हे तुम्ही करू शकता. आणि दूध आलंच नाही किंवा तिला जमलं नाही तरी तिला दोष नको.

तासाभरात पॅड भिजेल इतकं ब्लीडिंग, ताप, खूप डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधुक दिसणं, छातीत दुखणं, दम लागणं, एकाच पायाला सूज, यातलं काहीही दिसलं तर "बाळाचं झालं की बघू" असं करायचं नाही, लगेच तिच्या डॉक्टरांकडे. रडू येणं पहिल्या दोन आठवड्यांत खूप जणींना होतं. पण त्यापुढेही टिकलं, झोपायला वेळ असून झोप लागत नाही, कशातच लक्ष नाही, किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार बोलून दाखवले तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर. बाबांनाही विचारा. भाओजी अकरा दिवस फाइल, बिलं, औषधं करत होते आणि त्यांना "तुम्ही कसे आहात" असं कुणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

६. भेटायला जाताना

सर्दी, खोकला, ताप, जुलाब, अंगावर पुरळ, ओठाला फोड, काही असलं तर जाऊच नका. आत जायला मिळालंच तर अंगठी, घड्याळ काढून कोपरापर्यंत हात धुवा. आईबाबांनी अजून बाळाला घेतलं नसेल तर तुम्ही घेण्याचा हट्ट करू नका.

डॉक्टर हो म्हणाले तर आईबाबांना कांगारू केअरसाठी वेळ मिळेल असं बघा, म्हणजे उघड्या छातीवर बाळाला धरून बसणं. कोलंबियातल्या बोगोटा शहरात 1978 मध्ये इन्क्युबेटर कमी पडत होते म्हणून डॉ. एडगर रे यांनी हे सुरू केलं आणि आता ते सगळीकडे करतात. वडीलही करू शकतात. टाचेला टोचताना आईच्या छातीवर असलेल्या किंवा अंगावर पीत असलेल्या बाळाला कमी दुखतं, तेव्हा तसं करता येईल का हे नर्सला विचारायला हरकत नाही.

७. मोठं भावंड असेल तर

खोटं सांगू नका. "बाळ आजारी आहे, डॉक्टर बघतायत, आई तिथे आहे, तुझ्यामुळे काही झालेलं नाही." शेवटचं वाक्य तर दोन-तीनदा सांगा. माझा भाचा पाच वर्षांचा, त्याने मला रात्री अंधारात विचारलं की मला बाळ नको होतं म्हणून झालं का. त्याच्या झोपायच्या, खेळायच्या वेळा शक्यतो तशाच ठेवा आणि आईचा रोज एक व्हिडिओ कॉल, दोन मिनिटांचा का होईना.

८. रिपोर्ट वाईट आला किंवा काही कळलंच नाही तर

तेव्हा बोलू नका, बसा. "धीर धर" सुद्धा नको. आणि दुसऱ्या डॉक्टरांचं नाव लगेच पुढे करू नका, त्यांनी स्वतः विचारलं तर मात्र रिपोर्टच्या कॉपी गोळा करून द्या, अपॉइंटमेंट घ्या. कित्येकदा बाळ बरं होतं आणि नेमकं काय झालं होतं ते कळतच नाही. आमचं तसंच झालं, कल्चर निगेटिव्ह आलं, श्वास हळूहळू शांत झाला.

९. घरी आल्यावर

सगळ्यांना वाटतं सुटले. पण घरी मॉनिटर नसतो, नर्स नसते, आणि पहिल्या रात्री बहीण आणि भाओजी आळीपाळीने बाळाच्या नाकाखाली बोट धरून जागे होते. पहिले चार दिवस एक जण तिथे झोपायला गेला तर मोठा आधार होतो. फ्रिजवर एक कागद लावा: बाळ दूध घेत नाही, फार सुस्त आहे, उठवूनही उठत नाही, श्वास मिनिटाला 60 च्या वर, छाती आत ओढली जातेय, ताप 38 डिग्री सेल्सिअस किंवा जास्त, अंग गार, झटके, ओठ निळे, तळहात-तळपाय पिवळे. यातलं एकही असलं तर वाट न बघता हॉस्पिटल, आणि खाली डॉक्टरांचा नंबर मोठ्या अक्षरात.

मग पुढच्या तपासण्यांच्या तारखा. एनआयसीयूत राहिलेल्या बाळाची कानाची तपासणी, कमी दिवसांचं असेल तर डोळ्यांच्या पडद्याची, वजन, लसी. बाळ छान दिसायला लागलं की याच तारखा विसरल्या जातात, आणि डोळ्यांच्या पडद्याच्या बाबतीत तर एखादा आठवडा चुकला तरी महागात पडू शकतं. त्या सगळ्या तारखा तुमच्या फोनमध्ये टाकून घ्या आणि आदल्या दिवशी विचारा की गाडी घेऊन किती वाजता येऊ.