एलएसडीचं ऑइल: आधी डिफरन्शियल ओळखा, मग मॉडिफायर मोजा

पार्किंगमधून गाडी हळू वळवून काढताना मागून थरथर जाणवते, कधी कर्र-कर्र, कधी धप्प असा आवाज येतो. सरळ रस्त्यावर मात्र काहीच नाही. डिफरन्शियल म्हणजे वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरसंच, आणि लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एलएसडी, हा वेगातला फरक मर्यादेत ठेवतं. क्लच प्लेटच्या एलएसडीत अशी तक्रार आली तर गिअर तुटल्याची शंका नंतर घ्यावी. आधी आत कोणतं ऑइल आहे ते पाहावं, कारण दोष बहुधा तिथेच असतो.

या डिफरन्शियलमध्ये ऑइलला दोन परस्परविरोधी कामं करावी लागतात. क्राउन व्हील (मोठं गिअर) आणि पिनियन (त्याला फिरवणारं छोटं गिअर) यांच्या दातांमधलं घर्षण त्यानं जितकं कमी करता येईल तितकं करायचं. क्लच प्लेटांमधलं घर्षण मात्र टिकवायचं, आणि तेही गुळगुळीत ठेवायचं. म्हणूनच ‘सगळ्यात महागडं ऑइल टाका’ हा सल्ला इथे निरुपयोगी ठरतो.

आत नेमकं काय आहे?

हाऊसिंगवरची पट्टी, अॅक्सल कोड आणि गाडीचं मॅन्युअल आधी पाहा. एलएसडी असेल तर ‘फक्त लिमिटेड स्लिप ऑइल वापरा’ असं स्टिकर अनेकदा फिलर प्लगजवळच असतं. काहीच सापडलं नाही तर हातानं तपासा. गाडी सपाट जागी लावा, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना ठोकळे लावा, इंजिनाची ताकद मिळणारी दोन्ही चाकं उचलून गाडी जॅक स्टँडवर टेकवा, न्यूट्रल करा, हँडब्रेक सोडा आणि एक चाक फिरवा. दुसरं चाक त्याच दिशेनं फिरलं तर आत बहुधा प्रीलोड असलेली (म्हणजे स्प्रिंगनं आधीच दाबून ठेवलेली) प्लेट किंवा कोन (शंकूच्या आकाराच्या क्लचच्या) प्रकारची एलएसडी आहे. उलट फिरलं तर साधं डिफरन्शियल असू शकतं, प्रीलोड नसलेलं हेलिकल (तिरक्या दातांच्या गिअरचं) असू शकतं किंवा पार झिजलेली प्लेट एलएसडीही असू शकते. तेव्हा उलट फिरलं म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका.

एक चाक वर आणि एक जमिनीवर असताना गाडी गिअरमध्ये टाकून इंजिन कधीही चालवू नका. एलएसडी जमिनीवरच्या चाकालाही ताकद देते आणि गाडी जॅकवरून उडी मारते.

प्रकार कळला की निम्मा निर्णय झाला. क्लच प्लेट आणि कोन या दोन प्रकारांना फ्रिक्शन मॉडिफायर, म्हणजे ऑइलमधलं घर्षण बदलणारं मिश्रण, लागतो. हेलिकल गिअरचे प्रकार, म्हणजे टॉर्सन, क्वाइफ आणि ईटनचं ट्रूट्रॅक, गिअर आणि बाजूच्या वॉशरमधल्या घर्षणावरच ताकद वाटतात. तिथे मॉडिफायर टाकला तर जे घर्षण हवं तेच कमी होतं. ट्रूट्रॅकसाठी तर ईटन साधं मिनरल ८०डब्ल्यू-९० जीएल-५ (या आकड्यांचा अर्थ पुढे येतो) सुचवतं, सिंथेटिक नाही. काही कार कंपन्या मात्र आपल्या हेलिकल डिफरन्शियललाही लिमिटेड स्लिपचं, म्हणजे एलएस ऑइल लिहून देतात. तसं असेल तर मॅन्युअलचंच ऐका. व्हिस्कस प्रकारात सिलिकॉन द्रव सीलबंद कप्प्यात असतो, तो बदलायचा नसतो. बाहेरच्या गिअरना नेहमीचं जीएल-५ पुरतं. इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या क्लचला, उदाहरणार्थ हाल्डेक्सला, स्वतःचं वेगळं द्रव लागतं. त्या कप्प्यात गिअर ऑइल गेलं तर क्लच निकामी होऊ शकतो, म्हणून कोणता प्लग कोणत्या कप्प्याचा आहे हे आधी खात्रीनं ओळखा.

बाटलीवरचे आकडे

जीएल-५ हा दर्जा हायपॉइड गिअरसाठी आहे. यात पिनियनचा अक्ष क्राउन व्हीलच्या मध्यापासून सरकवलेला असतो, त्यामुळे दात नुसते एकमेकांवर लोळत नाहीत, प्रचंड दाबाखाली घासतातही. ते वाचवण्यासाठी जीएल-५ मध्ये गंधक आणि फॉस्फरसची संयुगं भरपूर असतात. नव्या ऑइलला येणारा तो उग्र वास त्यांचाच. जीएल-४ मध्ये ही मात्रा साधारण निम्मी असते, म्हणून हायपॉइड डिफरन्शियलमध्ये ते चालत नाही. पण जीएल-५ हा शिक्का क्लच प्लेटांबद्दल काहीच सांगत नाही. त्यासाठी बाटलीवर ‘एलएस’ किंवा ‘लिमिटेड स्लिप’ असं स्वतंत्रपणे लिहिलेलं असावं लागतं.

एकाच कंपनीच्या दोन जवळजवळ सारख्या बाटल्या इथे फसवतात. रेड लाइनच्या ७५डब्ल्यू-९० मध्ये मॉडिफायर असतो, त्यांच्याच ७५डब्ल्यू-९० एनएसमध्ये नसतो. मोटूलचं गिअर ३०० एलएस हे लिमिटेड स्लिपसाठी आहे. नुसतं गिअर ३०० हे वेगळं ऑइल. खरेदी करताना मागचं लेबल पूर्ण वाचा.

जाडीचं प्रमाण इंजिन ऑइलपेक्षा वेगळं असतं. गिअर ऑइलमधलं ९० म्हणजे १०० अंश सेल्सिअसला १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक (जाडी मोजण्याचं एकक), म्हणजे इंजिनाच्या ४० किंवा ५० ग्रेडइतकंच जाड. १४० म्हणजे २४ ते ३२.५. आधीचा ‘७५डब्ल्यू’ थंडीतल्या वाहण्याबद्दल बोलतो. रोजच्या वापरात मॅन्युअलमधला ग्रेड सोडण्याचं कारण नसतं. जड ट्रेलर ओढणं, डोंगराळ रस्त्यावर सतत भार किंवा ट्रॅकवरची उष्णता असेल आणि कंपनीनं परवानगी दिली असेल, तरच १४० कडे जावं. काही नव्या गाड्यांना ७५डब्ल्यू-८५ लिहिलेलं असतं, ते इंधन वाचवण्यासाठी. ते ‘पातळ वाटतं’ म्हणून बदलू नये. बाजारातून बसवलेल्या स्पर्धेच्या एलएसडीत गाडीचं नव्हे, एलएसडी बनवणाऱ्याचं म्हणणं पाळायचं. एलएसडी बनवणारी ओएस गिकेन ही कंपनी आपल्या डिफरन्शियलसाठी ८०डब्ल्यू-२५० इतकं जाड ऑइल विकते.

मॉडिफायर नेमकं काय करतो

जड कपाट ढकलताना पहिला धक्का जास्त लागतो आणि एकदा हललं की ते सहज सरकतं. साध्या जीएल-५ मध्ये क्लच प्लेटांचं हेच होतं. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त फिरावं लागतं, प्लेटा आधी चिकटून राहतात, मग एकदम सुटतात, परत चिकटतात. सेकंदाला अनेकदा घडणारं हे चिकटणं-सुटणं म्हणजेच ती थरथर. मॉडिफायरमधले तेलकट रेणू धातूवर पातळ थर धरतात आणि सुटतानाचं घर्षण सरकतानाच्या घर्षणाइतकं किंवा त्याहून कमी करतात. मग प्लेटा झटके न देता घसरतात.

हाच थर जास्त झाला तर प्लेटा पकडच घेत नाहीत. चिखलात एक चाक भिरभिरतं आणि दुसरं स्वस्थ उभं राहतं, म्हणजे एलएसडी असून नसल्यासारखी. म्हणून मात्रा मोजूनच टाकायची.

किती टाकायचं

फोर्ड, जीएम आणि मोपार (क्रायस्लरच्या सुट्या भागांचा ब्रँड) यांचे मॉडिफायर प्रामुख्यानं ४ औंसांच्या, म्हणजे सुमारे ११८ मिलीच्या बाटलीत मिळतात. ही बाटली साधारण दोन क्वार्टला, म्हणजे १.९ लिटरला धरली, तर प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास येतं. तुमच्या डिफरन्शियलमध्ये १.२ लिटर मावत असेल तर पूर्ण बाटली ओतणं चुकीचं आहे, ७० ते ७५ मिली पुरतं. मॅन्युअलमध्ये मात्रा दिली असेल तर अर्थातच तीच घ्या. नसेल तर निम्म्या मात्रेपासून सुरुवात करा, थरथर राहिलीच तर १५-१५ मिलीनं वाढवा. वाढवणं सोपं असतं. जास्त झालं तर मात्र ऑइलच बदलावं लागतं.

एलएस ऑइलमध्ये मॉडिफायर आधीच असतो. त्यात आणखी बाटली रिकामी करू नका. एलएस ऑइल नीट मुरल्यावरही आवाज येत असेल, तरच थोडी भर घाला.

बदलताना

१० ते १५ मिनिटं गाडी चालवून ऑइल कोमट करा. गाडी सपाट ठेवून आधी फिलर प्लग उघडा. हा क्रम कधी उलटा करू नका. फिलर गंजून बसला असेल आणि खालून ऑइल निघून गेलं असेल, तर गाडी जागेवरच अडकते. मग ड्रेन प्लग काढा. तो नसेल तर झाकण सैल करा किंवा सक्शन पंपानं ओढा.

प्लगच्या चुंबकावर राखाडी लगदा असणं नेहमीचं आहे. टोकदार तुकडे किंवा दाताचे टवके दिसले तर ऑइलचा विषय तिथेच संपला, डिफरन्शियल उघडावं लागेल. दुधाळ रंग म्हणजे पाणी शिरलंय. काळं, जळकट वासाचं ऑइल म्हणजे प्लेटा तापल्यात. ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारी छोटी वाट, मोकळा आहे का तेही याच वेळी पाहा. तो तुंबला की आतला दाब सीलमधून ऑइल बाहेर ढकलतो आणि लोक उगाच सील बदलत बसतात.

ड्रेन प्लगला नवा वॉशर लावून मॅन्युअलमधल्या टॉर्कनं घट्ट करा. झाकण काढलं असेल तर दोन्ही पृष्ठभाग कोरडे करून सिलिकॉन सीलंटचा अखंड पट्टा द्या आणि डब्यावर लिहिलेला वेळ सुकू द्या. त्यानंतर, मॉडिफायर वेगळा घालायचा असेल तर, आधी मोजलेला मॉडिफायर ओता, वर ऑइल भरा. भरल्यावर मॉडिफायर टाकायला गेलात तर जागाच उरलेली नसते. बहुतेक डिफरन्शियलमध्ये ऑइल फिलरच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत येतं, काहींत त्याच्या थोडं खाली. नंतर वाढवायची वेळ आली तर सिरिंजनं तेवढंच ऑइल आधी काढून घ्या.

नव्या प्लेटा बसवत असाल तर त्या बसवण्याआधी मॉडिफायरमध्ये किंवा एलएस ऑइलमध्ये भिजवून ठेवा, रात्रभर ठेवल्या तर उत्तम. कोरड्या प्लेटा पहिल्या काही वळणांतच भाजतात आणि चकचकीत होतात. तो चकचकीतपणा कोणत्याही ऑइलनं जात नाही.

शेवटी मोकळ्या मैदानात इंग्रजी आठच्या आकारात हळूहळू दहा-बारा फेऱ्या मारा, दोन्ही बाजूंनी. प्लेटांच्या मधलं जुनं ऑइल त्याशिवाय बाहेर येत नाही. लगेच निकाल लावू नका. शे-दीडशे किलोमीटर चालल्यावर परत ऐका.

तरीही थरथर राहिली तर

मागच्या दोन टायरांचा घेर तपासा. एक नवा आणि एक झिजलेला असेल तर सरळ रस्त्यावरही प्लेटा सतत घसरत राहतात, तापतात आणि ऑइल जाळतात. प्रोपेलर शाफ्टचे युनिव्हर्सल जॉइंट पाहा, त्यांचाही धप्प आवाज येतो. मग ब्रेकअवे टॉर्क, म्हणजे प्लेटा घसरायला लागणारा जोर, मोजा. एक चाक वर, दुसरं जमिनीवर, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सुटा, आणि वरचं चाक टॉर्क रेंचनं फिरवायला किती जोर लागतो ते बघा. आकडा मॅन्युअलच्या मर्यादेखाली असेल तर प्लेटा संपल्यात. मॉडिफायर वाढवून आवाज थांबेल, पण पकड परत येणार नाही. स्पर्धेच्या प्लेट एलएसडीत हळू वळणावरचा खडखडाट मात्र स्वाभाविक असतो. तो पूर्ण बंद करण्याच्या नादात तिची पकड मारू नका.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गोष्ट आणखी नाजूक असते. तिथे एलएसडी गिअरबॉक्सच्याच ऑइलमध्ये बुडालेली असते. मॉडिफायरमुळे सिंक्रोनायझरच्या (गिअर बदलताना दोन्हींचा वेग जुळवणाऱ्या भागाच्या) कड्यांची पकड कमी होते, गिअर खरखरत पडतात. काही जीएल-५ ऑइलांतलं गंधक सिंक्रोनायझरची पितळी कडी खाऊ शकतं. अशा गाडीत गिअरबॉक्स आणि एलएसडी दोघांनाही मान्य असलेलंच ऑइल हवं, वरून मॉडिफायर मिसळणं टाळा.

बसवलेल्या नव्या प्लेट एलएसडीचं पहिलं ऑइल बनवणाऱ्यानं सांगितलेल्या किलोमीटरनंतर बदला, त्यात सुरुवातीच्या झिजेचा बारीक चुरा असतो. त्यानंतर रोजच्या वापरात ३० ते ५० हजार किलोमीटर हे अंतर बरं, मॅन्युअल कमी सांगत असेल तर कमी. ट्रेलर ओढत असाल तर त्याच्या निम्मं धरा. डिफरन्शियल खोल पाण्यात बुडालं असेल तर वाट न पाहता ऑइल तपासा. बदलल्याची तारीख, ऑइलचं नाव आणि मॉडिफायर किती मिली टाकला हे हाऊसिंगवर पक्क्या मार्करनं लिहून ठेवा, पुढच्या माणसाला निम्म्या मात्रेपासून परत सुरुवात करावी लागणार नाही.