लग्नाची कॅसेट डीइंटरलेस करण्याआधी

मिनीडीव्ही कॅसेट संगणकावर उतरवून घेणे, डिस्कवर तासाला साधारण 13 जीबी जागा राखणे आणि मूळ फाइलची एक प्रत बाजूला ठेवणे एवढे कोणीही करतो. मी चुकलो ते त्यानंतर. कॅसेटवरची प्रत्येक फ्रेम इंटरलेस्ड असते, म्हणजे दोन फील्डांत विभागलेली: एकात एक सोडून एक ओळ, दुसऱ्यात उरलेल्या. दोन्ही वेगळ्या क्षणी टिपल्याने हलत्या गोष्टींच्या कडांना फणीसारखे दात येतात; ते घालवून अखंड फ्रेम बनवणे म्हणजे डीइंटरलेस करणे.

एफएफएमपेग या व्हिडिओवर प्रक्रिया करणाऱ्या प्रोग्राममधले यादिफ आणि बीडब्ल्यूडिफ हे डीइंटरलेस करणारे फिल्टर कोणती फ्रेम हाताळायची हे चित्र पाहून ठरवत नाहीत, हे आधी डोक्यात पक्के बसवावे. ‘डीइंट’ हा पर्याय ‘ऑल’वर असेल तर सरसकट प्रत्येक फ्रेमवर प्रक्रिया होते, ‘इंटरलेस्ड’वर असेल तर फक्त फ्रेमसोबत आलेला फ्लॅग, म्हणजे ‘ही इंटरलेस्ड आहे’ अशी खूण, वाचला जातो, आणि तो नसेल तर चित्रात फणीचे दात कितीही ठळक दिसत असले तरी फ्रेम जशीच्या तशी पुढे जाते. मामेबहिणीच्या लग्नाचे तुकडे मी आधी एका मधल्या फाइलमध्ये जोडले, त्या जोडणीत फ्लॅग गळाले, मी मात्र शहाणपणा करून ‘इंटरलेस्ड’ निवडले, आणि रात्रभर संगणक चालवून सकाळी पाहतो तर उधळलेल्या अक्षतांचा दाणा न् दाणा आडव्या रेघांनी चिरलेला होता. फिल्टरने एका शब्दाने तक्रार केली नव्हती.

म्हणून फ्लॅग तपासावेत, आणि मधली फाइल असेल तर तिचे फ्लॅग पुन्हा तपासावेत. एफएफएमपेगसोबत येणारा एफएफप्रोब फाइलवरची नोंद सांगतो. आयडेट हा फिल्टर मात्र प्रत्यक्ष चित्र तपासून किती फ्रेम इंटरलेस्ड, किती प्रोग्रेसिव्ह (अखंड) आणि किती अनिर्णित ते मोजतो. त्याला अंतरपाट दूर होतानाचा किंवा वरातीतल्या नाचाचा तुकडा द्यावा; सुरुवातीचा गणपतीचा स्थिर फोटो दिला तर ‘अनिर्णित’चाच आकडा फुगेल. दोघांची उत्तरे जुळली नाहीत तर आयडेटचे मानावे आणि सेटफील्ड या फिल्टरने फ्लॅग नव्याने लावावेत.

फ्लॅग गळाले की फील्डचा क्रमही हरवतो, हे विसरू नये. क्रम कळला नाही तर फिल्टर वरचे फील्ड आधी धरतो, डीव्हीमध्ये मात्र खालचे आधी असते. मग दर फील्डची एक याप्रमाणे सेकंदाला 50 फ्रेम काढताना नवरदेवाचा घोडा एक पाऊल पुढे, एक मागे टाकू लागतो.

मग नेहमी ‘ऑल’च का नको? मध्येच संगणकावर केलेली नावांची पाटी किंवा मोबाइलची क्लिप असेल तर तिच्या धडधाकट ओळीही फिल्टर उगाच नव्याने बनवतो आणि बारीक अक्षरे भुरकट होतात. असे तुकडे वेगळे काढावेत.

यादिफ मूळ सेटिंगवर सेकंदाला 25 फ्रेम देतो, बीडब्ल्यूडिफ 50; काय हवे ते स्पष्ट लिहावे. आकार बदलणे नंतर, आधी मुळीच नाही. आवाज तसाच उतरवावा. पूर्ण कॅसेट लावण्याआधी तीस सेकंदांचा तुकडा काढून पाहावा, तोही अक्षतांचा. आणि फ्लॅग पाहिले का?