लेसिकनंतर रात्रीच्या लेन्स? या चुका टाळा

लेसिक, म्हणजे चष्म्याचा नंबर घालवणारी लेझर शस्त्रक्रिया होऊन आठ-दहा वर्षं झाली, नंबर थोडा परत आला आणि हिंजवडीहून घरी येताना समोरच्या गाड्यांचे दिवे फाकलेले दिसायला लागले, की कुणीतरी ऑर्थो-के सुचवतं. कडक लेन्स घालून झोपायचं, सकाळी काढायची, दिवसभर चष्म्याशिवाय दिसतं. उपाय चांगला आहे, मी स्वतः या लेन्स बसवते. म्हणूनच काळजी वाटते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नुसत्या नंबरावरून लेन्स मागवणं. लेसिकने कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, मधला भाग आधीच सपाट केलेला असतो, कडेचा उतार मात्र मूळचाच राहतो. नेहमीची ऑर्थो-के लेन्स शस्त्रक्रिया न झालेल्या डोळ्यासाठी बेतलेली असते. ती इथे नीट बसत नाही. मध्ये बुडबुडे अडकतात, लेन्स एका बाजूला सरकते आणि सकाळी एका दिव्याचे दोन दिसतात. असं झालं तर ‘सवय होईल’ म्हणून आठवडे काढू नका. टोपोग्राफी, म्हणजे कॉर्नियाच्या उंचसखलपणाचा नकाशा, पुन्हा करून लेन्सचा आकारच बदलावा लागतो.

त्याहीआधी नंबर का परत आला, हे कळलं पाहिजे. काही डोळ्यांत लेसिकनंतर कॉर्निया कमकुवत होऊन पुढे फुगायला लागतो. याला एक्टेशिया म्हणतात. अशा वेळी लेन्सने नंबर झाकत बसलात तर क्रॉसलिंकिंगची, म्हणजे कॉर्निया घट्ट करणाऱ्या उपचाराची, वेळ निघून जाते. टोपोग्राफी आणि कॉर्नियाची जाडी, दोन्ही तपासून घ्या. लेसिकच्या आधीची फाइल घरात कुठे पडली असेल तर शोधून आणा, ती फार उपयोगी पडते.

आता पाणी. एका मुलीने माझ्यासमोर लेन्सची डबी उघडली, तर तळाला बोट लागेल असा बुळबुळीत थर होता. रोज बेसिनच्या नळाखाली धुवायची. सोसायटीच्या टाकीतलं, टँकरचं, अगदी आरओचं पाणीसुद्धा लेन्सला चालत नाही. पाण्यातला अकॅन्थअमिबा हा सूक्ष्मजीव कॉर्नियात शिरला तर महिनोन् महिने औषधं घालावी लागतात आणि नजरही जाऊ शकते. लेसिकनंतर काहींच्या कॉर्नियाची संवेदना कमी राहते, त्यामुळे दुखणं उशिरा कळतं. हात साबणाने धुऊन कोरडे करा, डबी सोल्युशननेच धुवा, उपडी वाळवा आणि दर एक-दोन महिन्यांनी नवी घ्या.

सकाळी लेन्स चिकटली असेल तर प्लंजर (लेन्स काढायची छोटी रबरी सक्शन काडी) लावून ओढू नका. लुब्रिकंट ड्रॉप्स टाका, पाच-दहा मिनिटं डोळे मिचकावत राहा. लेन्सच्या कडेबाहेर पापणीवरून हलकेच दाबा. लेन्स हलायला लागली की मगच काढा.

डोळा लाल झाला, उजेड सहन होईना, तर त्या रात्री लेन्स नको. मेडिकलमधून ड्रॉप्सही आणू नका, त्यात स्टेरॉइड असलं तर जंतुसंसर्ग वाढतो. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. लेन्स आणि डबी न धुता सोबत न्या, जंतूंची तपासणी त्यावरूनही करता येते.