दहा वर्षं पुरेल असा भारी पीसी : सांगलीच्या घरात आखणी कशी करावी

भारी पीसी घ्यायचं ठरलं की पहिली चर्चा ग्राफिक्स कार्डाची होते. माझं म्हणणं असं, की कार्ड सगळ्यात शेवटी ठरवा आणि सुरुवात भिंतीतल्या सॉकेटपासून करा. कार्ड काही वर्षांत जुनं होणारच. ते काढून दुसरं लावायला दहा मिनिटं लागतात. पॉवर सप्लाय, कॅबिनेट, मदरबोर्ड बदलायचा तर अख्खा पीसी उकलावा लागतो. म्हणून जे टिकणार आहे त्यावर आज हात सैल सोडा, जे बदलणार आहे ते आजच्या गरजेपुरतं घ्या.

आधी अर्थिंग

गावभागात आतेभावाच्या जुन्या घरी पीसी जोडून दिला, तेव्हा कॅबिनेटच्या पत्र्याला बोट लागलं की झिणझिण्या यायच्या. त्याला वाटलं, पीसीच खराब आला. स्विचबोर्ड उघडला तर सॉकेटच्या तिसऱ्या भोकामागे हिरवी वायरच नव्हती. पॉवर सप्लायच्या फिल्टरमधले छोटे कपॅसिटर पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर त्यांच्यामुळे पत्र्यावर जवळजवळ निम्मं व्होल्टेज दिसतं. करंट अगदी थोडा असतो, पण उद्या खरा बिघाड झाला तर तो करंट जमिनीत जायला वाटच नाही, हे त्याचं गांभीर्य.

वायरमनला बोलवा आणि मल्टिमीटरने समोर मोजून घ्या. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ हे दोन्ही आकडे जवळपास सारखे आले पाहिजेत. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त नको. त्याच फेरीत पीसीसाठी १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट काढून घ्या.

वळवाच्या पावसात लाइट चारदा जाते-येते, म्हणून यूपीएस हवाच. ६०० व्हीएचा छोटा यूपीएस जेमतेम साडेतीनशे वॅट देतो. भारी पीसी रेंडर किंवा गेम चालू असताना सहाशे वॅटच्या आसपास सहज ओढतो. खोक्यावर व्हीए (व्होल्ट-अँपिअर) नव्हे, वॅट वाचा. प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या लाइटसारखीच गुळगुळीत लहर देणारा घ्या. काम सेव्ह करून पीसी बंद करायला पाच मिनिटं मिळाली तरी पुष्कळ.

प्रोसेसर नव्हे, सॉकेट बघा

पुढे कोणता प्रोसेसर बसवता येईल हे सॉकेट, म्हणजे मदरबोर्डावरची प्रोसेसरची खोबण, ठरवतं. २०१७ साली एएमडीचा एएम४ सॉकेटचा बोर्ड घेतलेल्या अनेकांना २०२२ मध्ये आलेला रायझन ५८००एक्स३डी प्रोसेसर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून त्याच बोर्डावर बसवता आला. पाच वर्षांनी नवा पीसी घेतल्यासारखा फरक, तोही फक्त प्रोसेसरच्या पैशात! आताचा एएम५ सॉकेट २०२२ मध्ये आला आणि २०२७ पर्यंत व त्यापुढेही तो चालू ठेवू, असं एएमडीने जाहीर केलं आहे. इंटेलचे प्रोसेसर कामाला उत्तम आहेत, पण तिकडे सॉकेट लवकर बदलतो. २०२१ चा एलजीए १७०० तीन पिढ्या चालला आणि २०२४ मध्ये एलजीए १८५१ आला. अपग्रेड हाच हेतू असेल तर मी आज एएम५ घेईन. बोर्डावर बायोस फ्लॅशबॅकचं बटण आहे ना, एवढं नक्की पाहा. पुढचा प्रोसेसर आणल्यावर जुना न बसवताही पेन ड्राइव्हवरून बायोस अपडेट करता येतो.

रॅमच्या बाबतीत मात्र एक गैरसमज महागात पडतो. "आता दोन कांड्या घेऊ, पुढे आणखी दोन लावू," असं सगळेच म्हणतात. डीडीआर५ मध्ये, म्हणजे एएम५ला लागणाऱ्या नव्या पिढीच्या रॅममध्ये, चारही स्लॉट भरले की वेग बराच उतरतो, कधी कधी पीसी नीट सुरूही होत नाही. मोकळे स्लॉट ही पुढची सोय समजू नका. व्हिडिओ एडिटिंग किंवा थ्रीडी करणार असाल तर पहिल्यापासून ३२-३२ जीबीच्या दोन कांड्या घ्या, नुसत्या गेमला १६-१६ च्या. एएम५ वर ६००० वेगाची रॅम सहसा बिनतक्रार चालते. कांड्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवा. २०२५ च्या अखेरीला एआयच्या मागणीमुळे रॅमचे भाव भडकले, त्यामुळे बजेट मांडताना ही ओळ ताज्या भावाने लिहा.

पॉवर सप्लाय

एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०७० टीआय हे ग्राफिक्स कार्ड ३०० वॅट घेतं, ५०८० हे ३६० आणि ५०९० तब्बल ५७५. आज पहिलं घेणार असाल तरी एटीएक्स ३.१ या नव्या मानकाचा, गोल्ड रेटिंगचा (वीज कमी वाया घालवणारा), १००० वॅटचा सप्लाय घ्या. अशा बऱ्याच सप्लायना दहा वर्षांची वॉरंटी मिळते. मधली दोन कार्डं तो पचवतो.

पुढे कधी तो बदललाच, तर जुन्या केबल्स नव्याला लावू नका. ही चूक माझ्या हातून झाली आहे. हार्ड डिस्कची केबल आतून ओढून घेतलेली, पुन्हा कोण काढणार, म्हणून तीच नव्या सप्लायला जोडली. खोबणीत बसली बरोबर, पण आतल्या पिनांची मांडणी वेगळी होती. बटण दाबताच जळका वास आला आणि दोन डिस्क गेल्या, त्यात घरच्या लग्नाचे फोटो होते. सप्लायबरोबर आलेल्या उरलेल्या केबल्स पिशवीत घालून वर सप्लायचं नाव लिहून ठेवा.

कॅबिनेट, एसएसडी आणि कार्ड

एप्रिल-मे महिन्यांत सांगलीचा पारा चाळिशीला टेकतो. समोर जाळी असलेलं, धुळीचा फिल्टर हाताने निघणारं कॅबिनेट घ्या. पुढून काचबंद कॅबिनेट दिसायला छान, पण आत भट्टी होते. आत हवा घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा एखादा जास्त ठेवा, म्हणजे फटींतून धूळ ओढली जात नाही. कार्डासाठी साडेतीनशे मिलिमीटर लांबी हवी. रुंदीही बघा, कारण नव्या कार्डांची पॉवर केबल कनेक्टरच्या अगदी जवळ वाकवू नये. तीन-साडेतीन सेंटिमीटर ती सरळ राहू द्या आणि पूर्ण आत बसली का, हे टॉर्च लावून पाहा.

एसएसडी चौथ्या पिढीची, २ टीबीची पुरे. बोर्डाचं मॅन्युअल मात्र वाचा. काही बोर्डांत एसएसडीचा एक विशिष्ट (एम.२) स्लॉट भरला की ग्राफिक्स कार्डाच्या लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, निम्म्या होतात.

आता उरलेल्या पैशात कार्ड. भारी पीसीच्या बजेटमध्ये १६ जीबी मेमरीच्या खाली जाऊ नका. पुण्याहून जोडलेला पीसी आणणार असाल तर कार्ड काढून त्याच्या खोक्यात वेगळं आणा. दीड-दोन किलोचं कार्ड स्लॉटला लटकत खंबाटकी घाट उतरलं तर स्लॉट तुटू शकतो.

आणि जागा. २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेचं पाणी ज्या घरांत शिरलं, तिथे पीसी माडीवरच मांडा. माडी नसेल तर मागच्या सगळ्या वायरींना रंगीत चिकटपट्टी लावून ठेवा, म्हणजे घाईत पाच मिनिटांत सोडवून टॉवर उचलता येईल. फोटो-कागदांची एक प्रत विश्रामबागेत किंवा मिरजेत नातेवाइकांकडे ठेवलेल्या डिस्कवर असू द्या.