एअर रायफलला घडीचा दस्ता: बिजागरी हलली की नेम गेला

शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसहून 50 मीटर रायफलचं कांस्य आणलं, तेव्हापासून माझ्या ओळखीतल्या चार घरांत एअर रायफल आली. चौघांनी मला एकच प्रश्न विचारला: हा एवढा लांब दांडका मोटरसायकलवरून, एसटीतून न्यायचा कसा?

माझी रायफल सरळ असताना 112 सेंटीमीटर भरते, दस्ता, म्हणजे खांद्याला टेकणारा मागचा लाकडी भाग, दुमडला की 84. तो कापून मी बिजागरीवर बसवलाय. मिरजेहून जत तालुक्यातल्या मामांच्या रानात जाताना ती कव्हरमध्ये घालून सॅकच्या बाजूला बांधतो. एसटीतून उतरल्यावर पाच किलोमीटर चालायचं असतं. आधी ती झाडाच्या फांदीसारखी दोन्हीकडून अडायची. आता सॅकच्या वर हातभरसुद्धा येत नाही.

अमेरिकेत लोक घडीची एकनळी .22 (काडतुसांची खरी बंदूक) सॅकला लावून डोंगरात जातात. ते बघून इथे कुणी चांदोलीच्या जंगलात नाहीतर सागरेश्वरला एअर रायफल घेऊन निघणार असेल, तर त्याने हा लेख इथेच सोडावा. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 प्रमाणे लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही, आणि त्या कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत प्राण्याला इजा करू शकणारं कुठलंही साधन बसतं. ‘ही साधी छर्‍याची आहे हो’ म्हणून सुटका होत नाही. रानातल्या पाखरांवरही नेम धरायचा नाही, मग ती द्राक्षं खात असोत की आणखी काही. पुठ्ठ्यावर मारा, मुरमाच्या ढिगार्‍यासमोर.

4.5 मिलिमीटरच्या, 20 जूलपेक्षा कमी ताकदीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. मी लिहितोय ते फक्त तिच्याबद्दल, त्यातही नळी मोडून, म्हणजे मुळाशी खाली वाकवून, एकेक छर्रा भरायच्या स्प्रिंगवाल्या रायफलबद्दल. घरात परवान्याची खरी बंदूक असेल तर तिच्यावर घरी कानसही फिरवू नका. तिचं काम परवानाधारक कारागिराकडेच होतं.

कापण्याआधी

दस्त्याला पिस्तुलासारखी वेगळी मूठ असेल तरच कापा. जुन्या पद्धतीचा, मुठीपाशी बारीक होत गेलेला सरळ दस्ता कापायचा नाही. तिथे लाकूड आधीच कमी असतं. यावर माझ्याशी वाद घालू नका, असा एक दस्ता मी मोडून ठेवलाय.

रायफल कॉक केलेली, म्हणजे नळी मोडून उडवायला तयार केलेली नाही, आत छर्रा नाही, हे बघा. दस्ता काढल्यावर ट्रिगरच्या पिना उघड्या पडतात, त्यांना हात लावू नका. त्यांच्यामागे दाबलेली स्प्रिंग आहे.

काप मुठीच्या मागे, नळीला काटकोनात. हे काम मी मिरजेत तंबोरे करणार्‍या एका कारागिराकडून करून घेतलं. फर्निचरवाल्याकडे गेलो नाही. त्याने आधी दस्ता उजेडात तिरका धरला, लाकडाच्या रेषांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, ‘इथं रेषा बाहेर पळतीया, इथं कापला तर चिरंल. बोटभर मागं घ्या.’ मी पेन्सिलने केलेली खूण त्याने पुसून टाकली. बोटभर मागेच कापलं.

लाकडात पट्टी बसवणं

कापलेल्या तोंडावर स्क्रू मारू नका. तिथे लाकडाचे धागे उभे असतात, स्क्रू आज धरतो, महिन्याने गोल फिरतो. दोन्ही बाजूंना 6 मिलिमीटरचे आटे असलेले रॉड सहा-सात सेंटीमीटर खोल अरल्डाइटमध्ये बसवा आणि त्यांच्यावर लोखंडी पट्टी नटाने आवळा. पुढच्या बाजूचं भोक रायफलच्या नळकांड्याला भिडणार नाही ना, हे आधी मोजा. अरल्डाइट एक पूर्ण दिवस वाळू द्या. बिजागरी डाव्या अंगाला, म्हणजे उजव्या हाताच्या तळव्याखाली येत नाही. वरच्या कडेपासून दोन सेंटीमीटर खाली, म्हणजे गालाला टोचत नाही.

इथवर कुणालाही जमतं.

खेळ (जोडातला ढिलेपणा) काढणं

माझं दीड वर्ष गेलं ते पुढच्या कामात.

मला वाटायचं, माशी (नेम धरायचा नळीवरचा खुंट) आणि स्कोप दोन्ही नळीच्या बाजूला आहेत, दस्ता मागे थोडा हलला तर नेमाला काय फरक पडतो? खर्‍या .22 मध्ये कदाचित फार पडत नसेल. स्प्रिंगच्या रायफलमध्ये पडतो. ट्रिगर दाबला की आतला पिस्टन पुढे झेपावतो आणि रायफल मागे सरकते. पिस्टन दाबलेल्या हवेवर आपटून थांबतो तेव्हा रायफल उलट पुढे ढकलली जाते. हे दोन्ही धक्के बसतात तेव्हा छर्रा अजून नळीतच असतो. म्हणजे तो बाहेर पडण्याआधी रायफल हलणारच. आपल्याला एवढंच साधायचंय की दर वेळी ती सारखीच हलावी. बिजागरीत केसभर खेळ असला की एकदा ती खेळ संपेपर्यंत मोकळी सरकते, एकदा लगेच खांद्याला भिडते. 10 मीटरवर पाच छर्रे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकायचे, ते माझे बशीएवढे पसरायला लागले.

पहिली बिजागरी कपाटाची होती. लोक सर्रास हाच सल्ला देतात: ‘हेवी ड्युटी घ्या, काही होत नाही.’ चाळीस छर्र्यांत तिची पिन वाजायला लागली. मग कुणीतरी सांगितलं, मध्ये रबराचा वॉशर टाका, खेळ जाईल. तो जात नाही, फक्त वाजायचा थांबतो. रबर दबतं, आणि उन्हात ठेवलेलं रबर वेगळं दबतं, सकाळच्या गारव्यात वेगळं. खेळ कानाला ऐकू येत होता तोच बरा होता.

शेवटी कुपवाड एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडे गेलो. त्याने सरळ पिन काढून एका टोकाकडे बारीक होत जाणारी टेपर पिन घातली, पन्नासास एक उताराची, आणि भोक त्याच उताराच्या रीमरने (भोक घासून मापात आणायच्या हत्याराने) केलं. सरळ पिन झिजली की ढिली झाली, तिला इलाज नाही. टेपर पिन झिजली की हातोडीची एक हलकी टिचकी मारायची, ती आणखी आत बसते. बिजागरीसमोर, उघडलेला दस्ता जागेवर अडकवणारा जो खटका असतो, त्याच्या तोंडालाही त्याने तसाच थोडा उतार दिला. पाचरीसारखा. खटका जितका खोल जातो तितका दोन पट्ट्यांना एकमेकींवर ओढतो. झिजेल तसा खटकाच खेळ भरून काढतो. घडीच्या दस्त्याचं सगळं गुपित या दोन उतारांत आहे, आणि हे मला एकाही ‘सोप्या दहा पायर्‍या’ सांगणार्‍याने सांगितलं नव्हतं.

एवढं करूनही पहिल्या दिवशी नेम लागेना. मग लेथवाल्याने वर्तमानपत्राच्या चार बारीक पट्ट्या फाडल्या, दोन लोखंडी तोंडांच्या चार कोपर्‍यांत एकेक ठेवली आणि दस्ता उघडून खटका लावला. ‘ओढा.’ तीन पट्ट्या फाटल्या, निघाल्या नाहीत. खालच्या उजव्या कोपर्‍यातली अलगद हातात आली. म्हणजे दस्ता एक पाय आखूड असलेल्या स्टुलासारखा बसत होता. त्याने एका तोंडावर शेंदूर आणि तेलाचा पातळ हात मारला, दस्ता उघडून खटका लावला, पुन्हा मिटवला. जिथे लाल ठिपका दुसर्‍या तोंडावर उमटला तिथे कानस, पुन्हा शेंदूर, पुन्हा कानस. सतरा-अठरा वेळा. लाल रंग तोंडभर सारखा उमटेपर्यंत त्याने मान वर केली नाही. (शेंदुरात शिसं असतं. हात धुतल्याशिवाय चहा घ्यायचा नाही. तो स्वतः मात्र तसाच प्यायला.)

ही कागदाची आणि शेंदराची चाचणी टाळू नका. खेळ हाताला जाणवत नसला म्हणजे तो नाही असं समजू नका. कागद खोटं बोलत नाही.

तपासणी

10 मीटरवर एका पुठ्ठ्यावर पाच छर्रे. दस्ता मिटवा, उघडा, त्याच पुठ्ठ्यावर आणखी पाच. दोन पुंजके एकमेकांवर बसले पाहिजेत. शेजारीशेजारी बसले तर स्कोप फिरवत बसू नका, कागदाच्या पट्ट्या काढा. आणि गाल दर वेळी एकाच जागी ठेवा. मी दस्त्यावर गालाच्या जागी कापडी पट्टीचा एक तुकडा चिकटवलाय, डोळे मिटूनही गालाला त्याची कड लागते. डोळा स्कोपच्या मधोमध नसला तरी छर्रा सरकतो, आणि दोष बिचार्‍या बिजागरीवर जातो.

मूठ घट्ट आवळून धरू नका. स्प्रिंगची रायफल पुढच्या हाताच्या उघड्या तळव्यावर नुसती ठेवायची असते.

वापरताना

दस्ता मिटलेला असताना नळी मोडून कॉक करायची नाही. कधीच नाही. कॉक करताना आपण दस्ता मांडीला टेकवून सगळा जोर लावतो. तो जोर मिटलेल्या बिजागरीवर आडवा येतो आणि पिन वाकते, आणि वाकलेली टेपर पिन भोकातून काढायला लेथवाल्याकडेच जावं लागतं. शिवाय छर्रा घालताना उघडलेली नळी दुसर्‍या हाताने धरून ठेवायचीच. सुटली तर ती फटकन मिटते आणि बोट मध्ये सापडतं.

उलटंही तितकंच खरं: कॉक केलेली रायफल मिटवायची नाही. मिटवण्याआधी पुठ्ठ्यावर छर्रा मारून मोकळी करा. छर्रा न घालता ट्रिगर दाबू नका, पिस्टन आत कोरडा आपटतो.

नेताना कव्हर, खरेदीची पावती आणि ओळखपत्र एकत्र. छर्र्यांचा डबा सॅकच्या वेगळ्या कप्प्यात. बसमध्ये कंडक्टरने विचारलं तर कव्हर उघडून दाखवावं, लपवाछपवीने शंका वाढते.

पट्टीच्या नटांना निळं लॉकटाइट (आटे ढिले होऊ न देणारा डिंक) लावा आणि नटापासून पट्टीपर्यंत नेलपॉलिशची एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की नट हललाय. माझी दर दोनशे-अडीचशे छर्र्यांनी तुटते.

पावसाळ्यात लाकूड फुगतं. जुलै-ऑगस्टमध्ये रायफल काढलीच नाही तर प्रश्न नाही, पण काढायची असेल तर आधी कागदाच्या चार पट्ट्या. गेल्या वर्षी नागपंचमीनंतर खालच्या उजव्या कोपर्‍यातली पट्टी पुन्हा सुटून आली, तोच कोपरा. टेपर पिनला एक टिचकी मारली, बसली.