ठाण्याहून लिटिल अंदमान : बोटीच्या वेळापत्रकाभोवती आखायचा प्रवास

ठाणे आणि नवी मुंबईतून अंदमानला जाणाऱ्यांचा मार्ग बहुधा ठरलेला असतो. सेल्युलर जेल, स्वराज द्वीप म्हणजे जुने हॅवलॉक, शहीद द्वीप म्हणजे जुने नील, आणि सहाव्या दिवशी परत. ज्यांनी हे सारे एकदा पाहिले आहे, किंवा ज्यांना प्रेक्षणीय स्थळांच्या यादीपेक्षा एखाद्या किनाऱ्यावर निवांत चार दिवस काढायचे आहेत, त्यांच्यासाठी पोर्ट ब्लेअरच्या दक्षिणेस सुमारे १२० किलोमीटरवर असलेले लिटिल अंदमान हे बेट अतिशय योग्य आहे. मात्र तेथे जाण्याची तयारी नेहमीच्या सहलीसारखी करून चालत नाही.

प्रथम बेटाविषयी थोडे. क्षेत्रफळ ७०० चौरस किलोमीटरहून अधिक, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षाही मोठे. पण २०११ च्या जनगणनेनुसार वस्ती एकोणीस हजारांच्याही आत. ही वस्ती मुख्यतः पूर्व किनाऱ्यावर, हट बे या बंदराच्या आसपास आणि तेथून उत्तरेकडे जाणाऱ्या एकमेव मोठ्या रस्त्याच्या कडेने आहे. पूर्व बंगालमधून आलेली निर्वासित कुटुंबे, हरमिंदर बे येथे वसवलेले निकोबारी आणि तमिळ भाषक असे नाना प्रकारचे लोक येथे राहतात आणि आपसांत हिंदीत बोलतात, त्यामुळे मराठी माणसाची भाषेच्या बाबतीत अडचण होत नाही. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने हट बेची मोठी हानी केली. जंगलतोडीचा व्यवसाय आणि लाल पाम तेलाच्या लागवडीचा विस्तार यांना सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या आदेशाने लगाम बसला होताच. उद्योग थांबला आणि पर्यटन फारसे वाढले नाही, म्हणून किनारे अजून रिकामे आहेत. जो येथे जातो त्याने या रिकामेपणाबरोबर येणारी गैरसोयही मान्य करूनच जावे.

कधी जावे, हा प्रश्न ठाण्यातील शाळकरी मुलांच्या पालकांना विशेष अडचणीचा आहे. दिवाळीच्या सुट्टीत ईशान्य मोसमी पाऊस चालू असतो आणि नोव्हेंबर हा बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचा महिना असतो. मे महिन्याच्या उत्तरार्धात नैर्ऋत्य मोसमी वारे आपल्याकडे पोहोचण्याच्या बरेच आधी अंदमानात दाखल होतात, म्हणजे दोन्ही मोठ्या सुट्ट्या गैरसोयीच्या. समुद्र सर्वांत शांत असतो तो साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. ज्यांना परीक्षांचे बंधन नाही त्यांनी जानेवारीअखेर ते मार्च हा काळ निवडावा. इतरांनी वार्षिक परीक्षा संपताच, एप्रिलच्या अखेरीस निघावे. उकाडा असतो, पण ठाण्यात तरी त्या दिवसांत दुसरे काय असते?

विमानाचे सोपे आहे. वीर सावरकर आंतरराष्ट्रीय विमानतळापर्यंत मुंबईहून बहुतेक वेळा चेन्नई, कोलकाता किंवा बंगळुरू येथे विमान बदलून जावे लागते. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचे नाव श्री विजय पुरम असे करण्यात आले आहे; तिकिटावर दोन्हींपैकी कोणतेही नाव दिसले तरी गोंधळून जाऊ नये. पहाटेचे विमान असेल तर ठाण्याहून लोकलचा भरवसा न धरता आदल्या रात्रीच गाडी ठरवून ठेवावी. नवी मुंबईकरांनी उलवे येथील नव्या विमानतळावरून सोयीचे उड्डाण मिळते का, हे आधी पाहावे.

खरा कस लागतो तो पुढच्या टप्प्यात. पोर्ट ब्लेअर ते हट बे हा प्रवास बहुतेक सर्व लोक सरकारी जहाजाने करतात आणि जहाजानुसार त्यास सहा ते आठ तास लागतात. काही फेऱ्या रात्रीच्या असतात. अंदमान प्रशासनाच्या नौकानयन संचालनालयाकडून या फेऱ्यांचे वेळापत्रक काही दिवस आधीच जाहीर होते, महिनोन्महिने आधी नव्हे. त्यामुळे ठाण्यात बसून तीन महिने आधी विमानाचे तिकीट काढणाऱ्या माणसाला हट बेचे जहाज नेमके कोणत्या दिवशी सुटेल हे त्या वेळी कळणे शक्य नसते. ही जहाजे मुळात बेटवासीयांसाठी आहेत. रुग्ण, विद्यार्थी, सरकारी कर्मचारी आणि बाजाराचे सामान घेऊन परतणारे लोक यांची ती एस.टी. आहे, पर्यटकाने आपण तिचे पाहुणे आहोत हे ध्यानात ठेवलेले बरे. हवा बिघडली तर फेरी रद्द होते आणि पुढची फेरी दुसऱ्याच दिवशी असेल असे नाही.

यावर माझ्या मते एकच उपाय आहे, तो म्हणजे संपूर्ण सहल या जहाजाभोवती बांधणे. पोर्ट ब्लेअरला उतरल्यावर पहिले काम फिनिक्स बे धक्क्यावरील तिकीट खिडकी गाठण्याचे; ऑनलाइन तिकिटांची सोय असली तरी प्रत्यक्ष चौकशी केलेली बरी, आणि प्रत्येक प्रवाशाचे छायाचित्र असलेले ओळखपत्र मुळातून व झेरॉक्ससह जवळ असावे. हट बेचे पहिले जहाज मिळेपर्यंतचा वेळ सेल्युलर जेलसाठी वापरावा. लिटिल अंदमान सहलीच्या आरंभी ठेवावे आणि स्वराज द्वीप शेवटी, कारण तेथून परतण्यासाठी खासगी वेगवान बोटींच्याही फेऱ्या असतात आणि एक चुकली तर दुसरी मिळण्याची शक्यता बरी असते. लिटिल अंदमानहून परतल्यानंतर मुंबईच्या विमानापर्यंत किमान दोन मोकळे दिवस हवेत. ज्यांच्या रजेत हे दोन दिवस बसत नाहीत, त्यांनी या वेळी हे बेट वगळावे. हेलिकॉप्टरची सेवा आहे, पण आसने थोडी, सामानाची मर्यादा कडक आणि रुग्णांना व स्थानिकांना प्राधान्य. ते योग्यच असल्याने त्यावर आपला बेत अवलंबून ठेवू नये.

रटलंड बेट मागे पडले की जहाज डंकन पॅसेज या खुल्या समुद्रात शिरते आणि तेथे ते हलू लागते. ज्यांना गाडी लागते त्यांना बोटही लागण्याचा संभव असतो. अशांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी आणावी आणि ती जहाज हलू लागल्यावर नव्हे, चढण्याच्या सुमारे तासभर आधी घ्यावी. पोट अगदी रिकामे ठेवू नये व तुडुंबही भरू नये. जहाजात खाण्याची सोय मर्यादित असते, म्हणून ठाण्याहून नेलेला चिवडा, दशम्या, लाडू यांचा खरा उपयोग येथेच होतो. केळी आणि पाणी पोर्ट ब्लेअरच्या बाजारात घ्यावे.

हट बेला उतरल्यावर पत्ते किलोमीटरमध्ये ऐकू येतात. धक्क्यापासूनचे अंतर हेच गावाचे नाव झाले आहे. नेताजी नगर म्हणजे अकरा किलोमीटर, बटलर बेचा किनारा चौदा किलोमीटर. राहण्यासाठी लहान अतिथिगृहे आणि किनाऱ्याजवळच्या साध्या झोपड्या मिळतात. दूरध्वनीवर बोलूनच खोली ठरवावी आणि पंखा, मच्छरदाणी, पाणी या तीनच गोष्टी विचाराव्यात. बाकी अपेक्षा घरी ठेवाव्यात. जेवण भात, डाळ, भाजी आणि मासे असे असते. शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण भाकरी-पोळीचा हट्ट धरणाऱ्याची पंचाईत होते. फिरण्यासाठी भाड्याची दुचाकी सोयीची, मात्र वाहन परवाना आणि हेल्मेट आवश्यक आहे.

येथे पाहण्यासारखे काय, या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते : बटलर बे आणि नेताजी नगरचे लांबच लांब किनारे, हट बेपासून साडेसहा किलोमीटरवरचा व्हाइट सर्फ धबधबा, आणि जंगलातून चालत जाऊन पाहायचा व्हिस्पर वेव्ह हा दुसरा धबधबा, ज्यासाठी स्थानिक वाटाड्या घ्यावा. घड्याळ मात्र बदलावे लागते. हे बेट ठाण्याच्या सुमारे वीस रेखांश पूर्वेला असल्याने, भारतीय प्रमाणवेळ तीच असूनही सूर्य तेथे सव्वा तास आधी उगवतो आणि मावळतो. डिसेंबरात पाच-सव्वापाचलाच सूर्यास्त होतो. सकाळी पाचला उठून अकरापर्यंत फिरणे, दुपारी सावलीत पडणे आणि चारनंतर पुन्हा थोडे बाहेर पडणे हाच क्रम जमतो. आपल्याकडे सहलीत दिवसाला तीन ‘पॉइंट’ झाले नाहीत तर पैसे वाया गेल्यासारखे वाटते. तसे वाटणाऱ्या माणसाला सोबत नेऊ नये.

समुद्राविषयी अधिक काळजी घ्यावी लागते. येथील लाटा सर्फिंग करणाऱ्यांना ओढून आणतात, म्हणजेच त्या सामान्य पोहणाऱ्यासाठी जोरदार असतात. तरणतलावात बारमाही पोहणाऱ्यानेही प्रवाळाच्या खडकांवर फुटणाऱ्या लाटेत आणि आत ओढणाऱ्या प्रवाहात आपण नवखे आहोत असेच समजावे. गुडघाभर पाणी, सोबत कोणीतरी आणि आधी स्थानिकांना विचारणे, एवढे पाळावे. खाड्यांत आणि ओढ्यांच्या मुखाशी खाऱ्या पाण्यातील मगरी असतात. खाडी पाहिली की तिच्या काठाशी जाण्याची आपल्या ठाणेकरांची सवय तेथे पूर्ण सोडावी. संध्याकाळनंतर तर पाण्यात पाऊलही टाकू नये. जोराचा भूकंप जाणवला, किंवा समुद्र अचानक मागे हटताना दिसला, तर कोणाच्या सूचनेची वाट न पाहता उंचावर जावे. २००४ मध्ये याच बेटावरील ओंगे लोक उंच जागी गेले आणि वाचले.

ओंगे हे या बेटाचे मूळ रहिवासी आणि आज त्यांची संख्या जेमतेम शंभर-सव्वाशे आहे. बेटाचा मोठा भाग त्यांच्यासाठी राखीव असून डुगाँग क्रीकसह त्या क्षेत्रात परवानगीशिवाय जाणे, त्यांची छायाचित्रे किंवा चित्रफिती काढणे हे १९५६ च्या आदिम जमाती संरक्षण विनियमानुसार गुन्हा आहे आणि त्यास तुरुंगवासाची शिक्षा आहे. ‘लांबून दाखवतो’ असे सांगणारा कोणी भेटल्यास त्यास स्पष्ट नकार द्यावा. माणसे ही प्रेक्षणीय स्थळे नव्हेत, आणि बाहेरून आलेला साधा ताप-खोकलाही एवढ्या लहान समाजाला महागात पडू शकतो. ड्रोन तर परवानगीशिवाय अंदमानात नेऊच नये.

सामानात रोख रक्कम पुरेशी असावी, कारण एटीएम आहे म्हणून त्यात पैसे असतीलच असे नाही. ऑगस्ट २०२० मध्ये कार्यान्वित झालेली समुद्राखालील केबल लिटिल अंदमानपर्यंत पोहोचली आहे आणि फोनची स्थिती पूर्वीपेक्षा सुधारली आहे. तरीही घरी ‘दोन दिवस फोन लागला नाही तर घाबरू नका’ असे सांगूनच निघावे. नियमित औषधे बेताच्या दुप्पट दिवसांची न्यावीत. हट बेला सरकारी आरोग्य केंद्र आहे, पण गंभीर आजारात पोर्ट ब्लेअर गाठावेच लागते. म्हणून हृदयविकाराच्या रुग्णांनी आणि गर्भवतींनी हा बेत डॉक्टरांना विचारूनच करावा. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, टॉर्च आणि कीटकरोधक मलम विसरू नये, कारण वाळूतल्या बारीक माश्यांचे चावे डासांपेक्षा अधिक दिवस खाजतात. प्लॅस्टिकच्या बाटल्या व वेष्टने परत पोर्ट ब्लेअरला आणावीत.

परतताना किनाऱ्यावरचे शंख, शिंपले किंवा पोवळ्याचे तुकडे मुलांच्या पिशवीतही ठेवू नयेत. प्रवाळ आणि कित्येक जातींचे शंख वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत आणि विमानतळावर सामान तपासले जाते. शंखाची वस्तू हवीच असेल, तर ती पोर्ट ब्लेअरच्या सागरिका या सरकारी विक्री केंद्रातून घ्यावी आणि पावती बॅगेत अगदी वर ठेवावी.