तळघरात ओल? आधी बाहेरची माती बघा

तळघराच्या भिंतीला पोपडे धरले की आपण थेट वॉटरप्रूफिंगवाल्याला फोन लावतो. त्याआधी एक करा. जोरात पाऊस सुरू असताना छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारा. पाणी भिंतीला चिकटून थांबतंय का? मग दुखणं बाहेर आहे, आत कितीही केमिकल फासा.

भिंतीपासून १० फुटांत जमीन निदान ६ इंच उतरायला हवी. हा ढाळ नजरेनं कळत नाही. गवंड्याची पारदर्शक लेव्हल पाईप आणा, पाणी भरा, एक टोक भिंतीशी, दुसरं १० फुटांवर धरा. दोन्हीकडे पाण्यापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. लांबच्या टोकाला ते ६ इंच जास्त भरलं पाहिजे.

ढाळ कमी भरला तर भिंतीलगत मातीचा भराव घाला, पण त्याला पुण्यातली काळी माती नको. उन्हाळ्यात ती भिंतीपासून फाटते, बोटभर भेग पडते आणि वळवाचं पाणी सरळ पायाशी उतरतं. बारीक मातीचा अंश असलेला मुरूम घ्या, ४-६ इंचांचे थर, थोडं पाणी मारून धुम्मसानं ठोका. मात्र भराव जोत्याच्या ओलरोधक थराच्या आणि झरोक्यांच्या खाली, ६ इंच सोडूनच थांबवा.

भिंतीलगतचा गुलाबाचा वाफा हलवा (घरात भांडण होईल, होऊ द्या). गच्चीच्या पन्हाळीचं तोंडही पाईप जोडून लांब न्या. पाणी शेजाऱ्याच्या कुंपणात मात्र सोडू नका. सगळं मे महिन्यातच उरका. मृगात चिखल ठोकून बसत नाही.